नाही म्हणण्यापेक्षा जाणं सोपं होतं

मी पनवेलच्या एका शाळेत मुलींना शारीरिक शिक्षण शिकवायचे. मुलींसाठी मी पीटीच्या बाई. लग्नाआधी खो-खो खेळायचे, जिल्ह्याच्या संघात होते आणि त्या जोरावरच नोकरी लागली होती. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला. नव्वदच्या आगेमागेचे दिवस. नवरा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. तो मूळचा जासईचा, शेतकरी घरातला. आम्ही दोघं पनवेलमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो.

आठव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. मुलगा होता, एवढं मला सांगितलं. नवरा आणि त्याचे काका त्याला घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. कुठे नेलं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं की वारेत दोष होता, यात कुणाचंच चुकलेलं नाही. मी मान हलवली. पण दवाखान्यातून घरी आल्यावर शेजारच्या काकू जिन्यात कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, दिवसभर मैदानावर उड्या मारणारी बाई, तिच्या पोटात गर्भ टिकणार कसा. त्या काही वाईट नव्हत्या. त्याच काकूंनी मला आठवडाभर वरण-भात आणून दिला. मी तो जेवले. पण त्यांचं वाक्यही त्याच भाताबरोबर आत गेलं आणि तिथेच राहिलं.

दिवस राहिल्यावर सुरुवातीचे काही महिने मी धावत होते, हे खरं होतं. अंगाला बरं वाटायचं म्हणून धावत होते.

रजा संपल्यावर शाळेत रुजू झाले. मला वाटलं होतं रडू येईल, मुलींसमोर काय करायचं. रडू आलंच नाही. काहीच आलं नाही. हातापायाला मुंग्या येऊन गेल्यावर कसं होतं, हात आपलाच असतो पण चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी मैदानाच्या कडेला आंब्याच्या सावलीत उभी राहायचे आणि शिट्टी वाजवायचे. मुली कवायत करायच्या. हात वर, हात खाली. पूर्वी मी त्यांच्याबरोबर करायचे, आता नुसती शिट्टी. कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर कुणी बोललं नाही. घरी येऊन मी स्वयंपाक करायचे, तो बिघडायचाही नाही. नवरा जेवायचा आणि डबा भरून निघायचा. आमच्यात भांडण नव्हतं. बोलणंच कमी झालं होतं.

आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. माझ्याहून पुष्कळ मोठ्या, पन्नाशीच्या जवळ आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवरची वर्षं तिचं करण्यात गेली आणि आई गेल्यावर त्या एकट्याच त्या जुन्या घरात राहायच्या. अंगानं स्थूल, बोलायला शांत. वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही, तरी मुली गप्प बसायच्या. एक दिवस मधल्या सुट्टीत त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या की त्यांना साखर निघाली आहे. डॉक्टर म्हणालेत, रोज चाला. आयुष्यात कधी केलं नाही ते आता या वयात कसं जमणार, त्यांना कळत नव्हतं. शाळेत असल्यापासून त्या पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बसून राहायच्या, हेही त्यांनी हसत सांगितलं.

मी सवयीनं सांगायला लागले, की पहिले काही दिवस हळू चाला, मग वेग वाढवा, आधी थोडा व्यायाम करून अंग मोकळं करा. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“मला शिकवू नकोस,” त्या म्हणाल्या. “नुसती बरोबर चल.”

मला जायचं नव्हतं. न जायचंही नव्हतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, त्यांनी विचारलं असतं, पुन्हा काही सांगावं लागलं असतं. तेवढं बोलण्यापेक्षा जाणं सोपं होतं. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर त्या आमच्या इमारतीखाली येऊन उभ्या राहिल्या. साडीवर स्वेटर, पायात नव्या घेतलेल्या बुटांची पांढरीशुभ्र जोडी. साडीखाली बूट घातल्याची त्यांना भारी लाज वाटत होती. रस्त्यावर कुणी दिसलं की त्या पदर ओढून घ्यायच्या, जणू बूट पदरानं झाकता येणार होते. आम्ही वडाळे तळ्याच्या दिशेनं निघालो. तळ्याच्या काठाकाठानं जमेल तिथवर जायचं, देवळाशी टेकायचं आणि बाजारातून परत. तेव्हा तिथे आतासारखं फिरायला येणारं कुणी नसायचं. दूधवाले, फुलांच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका, तळ्यावर कपडे धुणारे. दोन बायका काही न आणता, काही न विकता नुसत्या चालताहेत, हे बघून लोक वळून पाहायचे. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर थांबवून विचारलंही, सकाळी सकाळी दवाखान्यात का, काय झालं. बाईंना ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी होय म्हणून टाकलं.

चालताना आम्ही फारसं बोलायचो नाही. त्यांना दम लागायचा आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांच्या चालीनं चालायचे. पूर्वी कुणाच्या मागे राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. आता मागे की पुढे, काही फरक वाटत नव्हता.

बाईंचा उत्साह मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यांना लवकर काहीतरी व्हायला हवं होतं. एसटी स्टँडवर नाणं टाकलं की दिवे लुकलुकणारं वजनाचं मशीन होतं. दर रविवारी त्या मला तिकडून न्यायच्या. नाणं टाकायच्या आणि खडखडून बाहेर आलेलं कार्ड उचलून आधी वजन बघायच्या, मग मागे छापलेलं भविष्य. भविष्य नेहमी चांगलं असायचं. आपणास प्रवासाचा योग आहे, मित्रांपासून लाभ होईल. वजन तसंच. कधी उलट वाढलेलं. मग सोमवारी त्या आदल्या दिवसाचा सगळा राग चालण्यावर काढायच्या, सकाळचं खाणं सोडायच्या आणि शाळेत तिसऱ्या तासाला त्यांचे हात थरथरायचे. एकदा वर्गातच खुर्चीवर बसून राहिल्या. मुलींनी मला बोलावलं. मी त्यांना साखर घातलेला चहा पाजला.

त्यानंतर त्या चालायला आल्याच नाहीत. मी सवयीनं खाली उतरून उभी राहायचे, थोडा वेळ वाट बघायचे आणि परत वर जायचे. शाळेत त्या माझी नजर टाळायच्या. मग एक दिवस शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो तेव्हा म्हणाल्या की आपल्यानं काही व्हायचं नाही, आपल्यात जिद्दच नाही, इतके दिवस चाललेलं सगळं फुकट गेलं. त्यांचा आवाज आईच्या आजारपणातही मी इतका पडलेला ऐकला नव्हता.

माझ्यात जिद्द होती म्हणून लोकांनी कौतुक केलं होतं आणि त्याच जिद्दीनं माझं मूल खाल्लं, असं माझं आत कुठेतरी पक्कं झालं होतं. जिद्द हा शब्द मला टोचतही नव्हता. कोरा वाटत होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की मलाही यायची काही इच्छा नसते, तरी मी येते. इच्छा झाल्यावर निघायचं ठरवलं असतं तर मी अजून अंथरुणातच असते.

बहुतेक त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं की माझी सोबत त्यांना होती तशीच त्यांचीही मला होती. मग त्यांनी विचारलं, म्हणजे मन लावायचं नाही का चालताना. मी म्हटलं, मनाला घरी ठेवू. पाय तेवढे नेऊ.

तेव्हापासून आम्ही पुन्हा निघू लागलो. ठरवून असं काही झालं नाही, पण दोन गोष्टी आपोआप पाळल्या गेल्या. स्टँडवरच्या मशीनकडे जायचं नाही. आणि एखाद्या दिवशी चुकलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं नावही काढायचं नाही. ना बहाणा, ना माफी. पावसात मध्ये बरेच दिवस गेले, त्यांना ताप आला, माझी पाळी जड गेली, परीक्षेचे पेपर आले. जी खाली उभी असेल तिनं दुसरीची थोडी वाट बघायची आणि एकटीनंच निघायचं. बाईंना याचं फार नवल वाटायचं. त्या म्हणायच्या, लहानपणापासून त्यांना शिकवलेलं होतं की एक दिवस चुकला की व्रत मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. इथे मोडण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी सकाळी खाणंही पुन्हा सुरू केलं. निघताना मुठीत चार फुटाणे असायचे, अर्धे माझ्या हातावर ठेवायच्या.

हे सगळं मी आता लिहिताना बरं वाटण्यासारखं दिसतं. तेव्हा तसं नव्हतं. मी चालत होते आणि काही वाटत नव्हतं. तळ्यात कमळं फुलली की बाई थांबून दाखवायच्या. मी बघायचे. कमळं होती. बस.

माझी सासू अधूनमधून जासईहून यायची. येताना सुकट, घरचे तांदूळ, कधी शेवग्याच्या शेंगा. बोलायला थोडी, कामाला उलट. आली की माझ्या हातातून लाटणं काढून घ्यायची. मूल गेल्यानंतर ती दोनदा येऊन गेली होती, पण त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, तिच्याही मनात शेजारच्या काकूंसारखंच असणार, फक्त ती बोलत नाही.

त्या वर्षी थंडीत ती आठ-दहा दिवस राहायला आली. पहिल्याच सकाळी मी बूट चढवताना तिनं पाहिलं. कुठे जातेस, असं विचारलं. चालायला, म्हटलं. मी परत आले तेव्हा चहा तयार होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी बूट काढून तिच्यासमोर चहाला बसले, तर माझ्याकडे न बघता, निवडायला घेतलेल्या तांदळातले खडे बाजूला सारत ती बोलू लागली.

“माजा पन एक गेला,” ती म्हणाली. “याच्या आदी. तवा मी घरानच व्हते. सासूनं लावनीला जाऊ दिला नाय, पानी आनू दिला नाय. पडून व्हते. तरी गेला.”

मी कप खाली ठेवला.

“मग हा तुजा नवरा पोटान व्हता, तवा कोन नव्हता करायला. शेवटपावेतो चिखलान उबी. हा आला ना धडधाकट.” तिनं सूप जरासं झटकलं. “पोरी, धावल्यानं जात नाय आनि पडून राहिल्यानं टिकत नाय. तू चाल. अंग बसवून ठेवू नको.”

एवढंच. मग ती उठून आत गेली आणि तिनं फोडणी टाकली. नवऱ्याच्या आधी एक मूल झालं होतं हे मला माहीत नव्हतं. नंतर विचारलं तर नवऱ्यालाही माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तेच मला शास्त्रानं सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं. पण त्या मला धीर देत होत्या, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. सासू धीर देत नव्हती. तिनं घडलेलं सांगितलं आणि फोडणी टाकायला उठली.

मी तेव्हाही रडले नाही. वाटलं होतं आता काहीतरी सुटेल, मोकळं होईल. तसं काही झालं नाही. साडी बदलली आणि शाळेत गेले.

त्या दिवशी पाचव्या तासाला आठवीच्या मुलींचा खो-खो होता. एक मुलगी पळणारीला पकडताना सारखी चुकत होती, खांबाला वळसा घालताना लांबून जायची आणि तोवर समोरची निसटायची. मी तिला बाजूनं ओरडून दोनदा सांगितलं. तिला कळेना. मग मी शिट्टी गळ्यातून काढून एका मुलीकडे दिली, पदर खोचला आणि स्वतः मैदानात उतरले. कसं खाली वाकून खांबाला हात लावायचा आणि त्या हातावर अंग फिरवायचं, ते करून दाखवलं. एकदा दाखवून थांबणार होते, पण समोरची मुलगी पळाली आणि मी तिच्यामागे गेले. मुली हसायला लागल्या. त्यांनी मला असं पळताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मी तिला पकडलं नाही. मला धाप लागली आणि मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. आनंद झाला असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पोटऱ्या भरून आल्या होत्या. जिना उतरताना एकेक पायरी टोचत होती. बाईंबरोबर मी लंगडत चालले आणि त्यांना कारण सांगितलं. त्या दिवशी त्या माझ्यासाठी हळू चालल्या. दुखत होतं, आणि ते माझंच दुखत होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. मला ते बोलून दाखवता आलं नसतं. पण बरेच महिने अंगावरून जे नुसतं वाहून जात होतं, त्यातलं काहीतरी त्या दिवशी थोडा वेळ थांबलं.

त्यानंतर मी शाळेत एक बदल केला. उशिरा येणाऱ्या मुलींना मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा असायची. शाळेची जुनी पद्धत, मी आले तेव्हापासून चालू होती आणि मीच ती राबवायचे. बाई एकदा चालताना सहज बोलल्या होत्या की लहानपणी त्यांना धावण्याची भीती बसली ती अशाच फेऱ्यांमुळे. धावणं म्हणजे काहीतरी चुकल्याची शिक्षा, एवढंच अंगात मुरलं. मी मुख्याध्यापिकांकडे जाऊन सांगितलं की उशिरा येणाऱ्यांनी आता कडेला बसायचं आणि वेळेवर येणाऱ्यांनी खेळायचं. त्यांना ते पटलं नाही, शिस्त बिघडेल म्हणाल्या. मी वाद घातला नाही, घालायला उत्साहही नव्हता. नुसतं तसं करू लागले. मुली काही एकदम वेळेवर येऊ लागल्या नाहीत. पण कडेला बसलेल्यांपैकी काही जणी, बाई, आम्हाला घ्या ना, असं म्हणू लागल्या. ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

बाईंची साखर पूर्ण गेली नाही, गोळ्या चालूच राहिल्या. पण निवृत्त होईपर्यंत त्या चालत राहिल्या. पुढे त्या नाशिकला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या मैत्रिणींना घेऊन फिरायला जातात, असं त्यांच्याकडून कळलं. साडीवर बूट घालायची लाज त्यांना कधी वाटेनाशी झाली, ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी पनवेलमध्येच राहिले. आम्हाला नंतर मूल झालं नाही. त्याचं दुःख पुढे सावकाश आलं, ज्या वेळेला यायचं होतं त्या वेळेला आलं नाही.

सासू राहून गेली त्या थंडीनंतर उरणला शालेय खो-खोच्या स्पर्धा होत्या. मी मुलींना घेऊन एसटीनं गेले. आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. शेवटच्या मिनिटाला आमच्या मुलीनं त्यांच्या पळणाऱ्या मुलीला स्पष्ट शिवलं होतं, सगळ्यांनी पाहिलं, पण पंचांनी बाद दिलं नाही. मी उठून रेषेपर्यंत गेले आणि भांडले. पंच म्हणाले, बाई, जागेवर बसा. मी बसले नाही. मुलीच मला हाताला धरून मागे घेऊन आल्या. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी गव्हाणफाट्यापर्यंत मनातल्या मनात त्या पंचांशी वाद घालत होते. रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती, गाडी पुढे सरकत नव्हती, मुली मागे डबे उघडून बसल्या होत्या.

घरी पोचले तेव्हा नवरा पहिल्या शिफ्टहून आलेला होता. चप्पल काढायच्या आधीच मी त्याला सामना सांगायला सुरुवात केली. कोण कुठे बसली होती, कोणी कोणाला खो दिला, पंच कुठे उभे होते. त्याला खो-खोतलं फार कळायचं नाही. त्यानं मध्येच विचारलं, मग तू काय म्हणालीस. मी सांगितलं. तो म्हणाला, पंच कुठे उभे होते ते परत सांग. मी टेबलावर चहाचा कप आणि दोन वाट्या मांडून त्याला दाखवू लागले.